पहिल्या पसंतीचा रकाना

३ जून, सोमवार

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच टोपलीत टाकलं नसशील असं धरून लिहितेय. टाकलं असशील तर माझीही सुटका झाली. नऊ वर्षांत तीनदा फोन केला, तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून पत्र. रजिस्टर्ड केलंय, पोचपावतीसकट. निदान पोचलं एवढं तरी मला कळेल.

निमित्त भाचीचं. आपला मामा सांगत होता की पोरगी यंदा शाळेतून बाहेर पडली, मार्क चांगले आहेत आणि आता कॉलेजचा फॉर्म भरायचाय. मावशी म्हणून मी तिचं काही केलं नाही. तिला शेवटची पाहिली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि दोन दात पडलेले होते. पण हे एकच काम मला येतं. गेली सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांचे फॉर्म भरून घेतेय. तेव्हा ऐक, आणि तिला सांग.

कॉलेजांची नावं पसंतीने लावायची असतात. एक नंबर, दोन नंबर, अशी आठ. यंत्रणा वरून खाली बघत येते. ज्या पहिल्या कॉलेजात आपले मार्क बसतात तिथे आपल्याला टाकते आणि त्याच्या खालची सगळी नावं रद्द. मग परत फिरणं नाही. म्हणून जे सगळ्यात जास्त हवं तेच वर लिहायचं, मिळो न मिळो. नाही मिळालं तर खालचं आहेच, वर लिहिल्याने काही बिघडत नाही. पोरं नेमकं उलटं करतात. 'मॅडम, ते कुठे मिळणारेय?' म्हणून हमखास मिळणारं वर टाकतात, आणि ते मिळतंच. मग रडत येतात. दर वर्षी तेच, सांगून सांगून घशाला कोरड पडते.

माझी खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. दारावर 'उच्च शिक्षण मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी, खोलीपेक्षा पाटी मोठी. आत अजून रबरी चेंडूंचा वास येतो. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट आणि यंदा एकशे बत्तीस पोरं. एकाला काय व्हायचंय ते माहीत नाही, एकाला माहितेय पण आईला नकोय, एक नुसताच मैत्रीण जाईल तिकडे जाणार. कॉलेजं बघायला बसने घेऊन जाते, वसतिगृहाच्या खोल्या दाखवते, अर्जासोबतचं दीड पानी निवेदन चार-चारदा लिहून घेते. 'मला लहानपणापासूनच आवड आहे' हे वाक्य या वर्षी मी एकोणचाळीस वेळा खोडलंय.

माझी एक पद्धत आहे, शाळेत त्यावरून माझी टिंगलही होते. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पुठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या कापून ठेवते. एका चिठ्ठीवर एक कॉलेज. पोराने त्या टेबलावर स्वतःच्या हाताने वरखाली लावायच्या, हव्या तितक्यांदा हलवायच्या, आणि मगच कॉम्प्युटरला हात लावायचा. तेवढा वेळ मी माझे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहते. पोरं माझी नक्कल करतात, मैदानात हात मागे बांधून चालतात. करू देत.

आता आजचं. दुपारी एक शिंपी आला. त्याची मुलगी आमच्याकडे, सगळे तिला टाचणी म्हणतात. किडकिडीत, आणि गळपट्टीला कायम दोन टाचण्या खोचलेल्या, घरून तशीच येते. हुशार आहे. नुसत्या बोटांनी कापड चाचपून त्यात किती सूत आणि किती भेसळ ते सांगते. आई नाही, बापलेक दोघंच.

"मॅडम, जरा खाजगी काम होतं," तो म्हणाला.

"दाखल्याचं असेल तर ऑफिसात जा हो, माझ्याकडे काही नसतं."

"दाखला नाही. पोरीचा क्रम."

त्याचे डोळे चाललेत. सगळं धुरकट दिसतं म्हणे. सुईत दोरा ओवता येत नाही. टाचणी रोज सकाळी घराबाहेर पडायच्या आधी वीस-पंचवीस सुया ओवून गादीला टोचून ठेवते, निरनिराळ्या रंगांच्या, आणि हा दिवसभर त्या पुरवून वापरतो. पोरीला लांबच्या कापड-तंत्राच्या कॉलेजात जायचंय, सातवीपासून तेच डोक्यात. आणि आता अचानक म्हणते, नको, इथल्याच कॉलेजात जाते, घरून करते.

"माझ्यापायी म्हणते हो," शिंपी म्हणाला. "तुमच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड असतात ना? शेवटच्या दिवशी तेवढं खालचं वर करून टाका. तिला कळायचं नाही. कळेल तोवर झालेलं असेल."

पासवर्ड असतात. पोरं विसरतात म्हणून मी एका निळ्या वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवते. चौदा तारखेला संध्याकाळी पाच वाजता फॉर्म बंद होतात, तोवर कोणीही कितीदाही बदलू शकतं.

मी 'बघते' म्हणाले. तो हात जोडून गेला, जाताना दाराऐवजी कपाटाकडे वळला.

हे तुलाच का सांगतेय ते तुला कळणार नाही. मलाही नीट सांगता येत नाहीये.

ताई

७ जून, शुक्रवार

बारके,

पोचपावती आली. सही तुझी नाही, गोल गोल अक्षर आहे. भाचीची असावी. सही मात्र छान करते. तिने पाकीट तुला दिलं की दप्तरात घातलं, कोण जाणे. तरी लिहिते.

काल टाचणीची पाळी होती. चिठ्ठ्या मांडल्या. इथलं कॉलेज एक नंबर. कापड-कॉलेज तिने दोन नंबरलाही ठेवलं नाही, थेट सातवर. मधे अशी अशी कॉलेजं घातली की मी म्हटलं, "अगं, तुला त्यातलं एक तरी बघायचंय का?" तर म्हणे, "मॅडम, तुम्ही हात मागे बांधलेत ना? मग तोंड पण." वर्गात कधी उलटून बोलली नाही ही. तिने फॉर्म भरला, 'जतन करा' दाबलं आणि निघून गेली. चिठ्ठ्या टेबलावर तशाच राहिल्या.

शाळा सुटली, शिपाईमामा झाडायला आले, त्यांना म्हटलं थोड्या वेळाने या. कपाट उघडलं. निळी वही काढली. तिचं खातं उघडलं आणि सात नंबरचं नाव ओढून एकवर नेलं. बाणाने ओढायचं असतं, काही कष्ट नाहीत, बोट हलवलं की झालं. मग परत खाली नेलं. पुन्हा वर नेलं. पुन्हा खाली. हसू नकोस. पन्नाशीची बाई, केस पांढरे, आणि चोरासारखी दाराकडे बघत बसलेली.

शिंपी खरं बोलत होता. पोरगी बापासाठी मन मारतेय, बाप पोरीसाठी धंद्यावर पाणी सोडायला तयार आहे, आणि दोघंही एकमेकांना एक अक्षर सांगत नाहीत. मी बदललं असतं तर बिघडलं काय असतं? भलंच झालं असतं. असं मी मला दहा वेळा समजावलं. शेवटी तिचा क्रम होता तसा ठेवला आणि कुलूप लावलं. धीर झाला नाही म्हण हवं तर.

तुझा फॉर्म कागदी होता, आठवतो? दोन प्रती भरायच्या होत्या. तू दोन्ही पेन्सिलीने भरल्यास आणि माझं अक्षर चांगलं म्हणून वरून शाई फिरवायला मला दिल्यास. तू सतरा वर्षांची, मी चोवीसची. आईचं उजवं अंग जाऊन चार महिने झाले होते आणि मला याच शाळेत नोकरी लागून तीन. तू शेजारच्या खोलीत आईला भरवत होतीस आणि मी टेबलाशी पेन घेऊन बसले होते.

जाऊ दे. दमलेय. अजून अडुसष्ट पोरं राहिलीत.

ताई

११ जून, मंगळवार

बारके,

आज सांगून टाकते. एकदा सांगून झालंय, दुसऱ्यांदा एवढं जड जाणार नाही असं वाटलं होतं. जातंय.

आज टाचणीला बोलावलं आणि शिंप्याने काय मागितलं ते सांगितलं. त्याने विश्वासाने सांगितलेलं मी फोडलं, हे चूक असेल, पण कुणाच्या तरी पाठीमागे काहीतरी करणं मला आता झेपत नाही. ती भडकलीच. "बाबांना काय कळतं? मी गेले तर त्यांना दिवसभरात एक बटण लावता येणार नाही." मी म्हटलं, "मग हे त्यांना तोंडावर सांग." तर म्हणे, "तुम्हाला काय जातंय सांगायला? तुम्ही कुठे कुणासाठी काय सोडलंय?"

तोंडात मारल्यासारखं झालं. बरोबरच होतं तिचं. मी काहीच सोडलं नाही. मी सोडायला लावलं.

मग तिला सांगितलं, आणि आता तुला सांगते. तू पेन्सिलीने एक नंबरला लांबचं भूगर्भशास्त्राचं कॉलेज लिहिलं होतंस आणि दोन नंबरला इथलं. मी दोन्ही नावं खोडरबराने खोडली, दोन्ही प्रतींवर. एक नंबरला इथलं लिहिलं, शाईने. दोन नंबरला तुझं. इथल्या कॉलेजात तुझे मार्क आरामात बसत होते, तेव्हा दोन नंबरकडे कोणी बघणारच नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं. चुकून झालं नाही. घाईत झालं नाही. यादी लागल्यावर तू विचारलंस, "ताई, वरचं का नाही मिळालं?" आणि मी म्हणाले, "मार्क कमी पडले गं." शिक्का मारून आलेली आपली प्रत तू मागितलीस तेव्हा हरवली म्हणाले.

आईसाठी केलं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले, स्वतःशीच. आईसाठी नव्हतं. तू गेली असतीस तर मला नोकरी सोडून आईपाशी बसावं लागलं असतं, आणि मला ते नको होतं. मला रोज सकाळी नीटनेटकी साडी नेसून घराबाहेर पडायचं होतं. बास, एवढंच. तू सकाळचं कॉलेज घेतलंस, दुपारी आईचं केलंस, मी पाचला घरी येऊन म्हणायचे, 'दमले बाई.' तीन वर्षं, आईसाठी दिवसभराची बाई ठेवायला जमेपर्यंत. खिडकीत तुझे दगड असायचे, ओळीने लावलेले, आई डाव्या हाताने त्यांच्याशी खेळायची. नंतर तू तेही टाकून दिलेस. आता विम्याच्या कचेरीत बसतेस. वाईट नोकरी नाही, मला माहितेय, पण तू दगडांबद्दल बोलायला लागलीस की जेवण थंड व्हायचं, तसं विम्याबद्दल बोलताना मी तुला कधी ऐकलं नाही.

आणि नऊ वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, तिचं कपाट आवरताना आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, "माझी तीन वर्षं या खोलीत गेली, ताई." आणि मी, मी काय म्हणाले? "मग मार्क काढायचे होतेस." तू हातातला आईचा स्वेटर खाली ठेवलास आणि पहिल्या बसने निघून गेलीस. तुला वाटत असेल, ताई रागाच्या भरात बोलली. रागाचं सोड, ते खोटंच होतं.

तरी खरं सांगायचं तर तुला लांबचं मिळालंच असतं असं काही नाही. त्या वर्षी चुरस फार होती. पण विचारलं गेलं असतं, एवढं तरी.

टाचणीने सगळं ऐकून घेतलं. मग गळपट्टीची टाचणी काढून टेबलावर गोल फिरवत म्हणाली, "तुमच्या बहिणीला हे माहितेय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

आणि दप्तर उचलून गेली. पोरींना काय बोलावं ते कोण शिकवतं गं?

ताई

१४ जून, शुक्रवार

बारके,

पाच वाजून गेले. फॉर्म बंद झाले. एकशे बत्तीसपैकी एकशे एकतीस भरून झाले, एक पोरगा गेले दोन दिवस उगवलाच नाही, त्याच्या आईला चार फोन केले. मी चहा घेऊन बसलेय. झालेलं सांगते.

साडेतीनला टाचणी आली, बापाचा हात धरून. मी बोलावलं नव्हतं. तिने आपण होऊन आणलं. खुर्ची ओढून त्याला बसवलं, डब्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या, वरपासून खाली आठ. मी सवयीने हात मागे बांधले.

"मॅडमनी मला सगळं सांगितलं, बाबा. तुम्ही काय सांगायला आला होतात ते."

शिंपी माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे माझ्या बाजूला, खिडकीकडे. "असं होय," एवढंच म्हणाला.

"तर तुमच्यासमोर लावते. ऐका. एक नंबर, कापडाचं कॉलेज. दोन नंबर, इथलं. तीन नंबर..."

अगं, आणि एक नंबरला चिठ्ठी इथल्या कॉलेजची होती. मला स्वच्छ दिसत होती, टेबलापासून दोन हातांवर उभी होते मी. कापडाचं कॉलेज खाली सातवर. ती बापाकडे बघून खोटं वाचत होती, आणि त्याला दिसत नव्हतं. शिंप्याचा चेहरा कसा फुलला म्हणून सांगू. "शाब्बास," म्हणाला. "आता कसं!" आणि तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला तर तो खांद्याला लागला.

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. गप्प बसा, असं डोळ्यांनीच म्हणाली. काय करावं? तिचा फॉर्म, तिचा क्रम, मला बोलायचा अधिकार काय? आणि बारके, मी अशाच एका टेबलाशी आधी बसून आले होते, आपल्या घरी. शाई वाळेपर्यंत मी अशीच गप्प बसले होते आणि पलीकडच्या खोलीतून तू विचारलं होतंस, "झालं का गं ताई, नीट लिहिलंस ना?" आणि मी म्हणाले होते, "हो."

"जे मांडलंयस तेच वाच," मी म्हटलं.

"मॅडम!"

"क्रम तुझा आहे, मी चिठ्ठीला बोट लावणार नाही. तुला इथलं एक नंबरला हवं तर एक नंबरलाच राहू दे. पण वाचायचं तर तेच वाच."

मग जे व्हायचं ते झालं. शिंप्याने चिठ्ठ्यांवर हात फिरवला, जसा काही बोटांनी वाचणार होता, आणि म्हणाला, "कुठली कुठे आहे गं?" ती रडायला लागली. तो ओरडला. ती त्याहून मोठ्याने ओरडली. शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या. "तुम्हाला सुया कोण ओवून देणार?" "बाजारात ओवायचं यंत्र मिळतं!" "तुम्हाला ते तरी दिसणारेय का?" "नाही दिसणार! तू इथे बसलीस तरी नाही दिसणार! डॉक्टर म्हणाला दोन वर्षं. मग तू काय माझ्यापाशी बसून मी आंधळा होतोय ते बघत राहणार?"

ते दोन वर्षांचं तिला माहीत नव्हतं. त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार. मी पाणी दिलं. दोघांनी एकाच पेल्यातून प्यायलं.

तिने पेला खाली ठेवला आणि विचारलं, "शिवायचं बंद करावं लागलं तर काय कराल?" तो म्हणाला, "कापायला शिकवीन पोरांना. माप मला हाताने कळतं." मग तिने सात नंबरची चिठ्ठी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि सगळ्यात वर नेऊन ठेवली. बापाचं बोट धरून त्या चिठ्ठीवर टेकवलं. "ही कापडाची. ही इथली, दोनवर." या वेळी मी बघितलं. बरोबर होतं.

फॉर्म तिने भरला तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. कॉम्प्युटर गोल गोल फिरत राहिला तेव्हा आमचा तिघांचा जीव टांगणीला. मग हिरवी खूण आली.

जाताना शिंपी दाराशी थांबला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही गुपचूप केलं असतंत तर हेच झालं असतं." मी म्हटलं, "हो." मग स्वतःच म्हणाला, "पण ते दोन वर्षांचं मला तिला कधी सांगता आलं नसतं."

ताई

२६ जून, बुधवार

बारके,

तीन पोचपावत्या आल्या. तिन्हींवर गोल अक्षर. चौथी अजून यायचीय.

काल यादी लागली. टाचणीला कापडाचं कॉलेज मिळालं नाही. चार मार्कांनी गेलं. दोन नंबरचं मिळालं, इथलं. म्हणजे एवढा आटापिटा करून पोरगी आहे तिथेच राहिली. मला वाटलं येणारच नाही. आली. डोळे सुजलेले, आल्या आल्या खुर्चीत बसली आणि सगळ्यांना शिव्या घातल्या, यंत्रणेला, गणिताच्या पेपराला, मलाही. मी ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "चारच मार्क होते, मॅडम. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येते ना?" म्हटलं, येते. "मग नियम काढून ठेवा." तिने बापासाठी सुई ओवायचं यंत्र आणलंय, तो वापरत नाही म्हणे, यंत्राला शिव्या देतो. जाताना दारात वळून विचारलं, "तुमच्या बहिणीचं काय झालं?" मी म्हटलं, पत्रं लिहिली. "सगळं लिहिलं?"

हो म्हणाले. खोटं बोलले. सगळं नाही लिहिलं.

टाचणीला ठाऊक आहे की चार मार्क कमी पडले. ते तिला आयुष्यभर ठाऊक राहील, आणि त्यात कुणाचा हात नाही. अकरा तारखेच्या पत्रात मी तुला लिहिलं की लांबचं मिळालंच असतं असं नाही, चुरस फार होती. सगळं कबूल करून झाल्यावरही तेवढी एक पळवाट मी ठेवलीच.

त्या वर्षी यादी लागल्यावर मी शाळेतून एक दिवसाची रजा काढली. तुला सांगितलं प्रशिक्षण आहे. साडेसहा तास बसमध्ये बसून तुझ्या त्या कॉलेजात गेले. फाटकातून आत गेल्यावर डाव्या हाताला काचेची पेटी होती, तिच्यात यादी लावलेली. वाटलं, शेवटच्या पोराचे मार्क तुझ्यापेक्षा जास्त दिसले की माझा जीव भांड्यात पडेल. मी तळापासून वाचायला लागले. शेवटच्या नावापुढे पाचशे बासष्ट. तुला पाचशे त्र्याहत्तर होते. मी पुन्हा वाचलं, तीनदा वाचलं, बोट काचेवर ठेवून. तुला अकरा मार्क जास्त होते, बारके. तुझ्यापेक्षा कमी मार्कांची सतरा पोरं आत गेली होती.

तिथे अंगणात दगड मांडलेले होते, मोठमोठे, प्रत्येकाला नावाची पट्टी. मी पाणीसुद्धा प्यायले नाही, तशीच परत फिरले. घरी आले तर तू आईला पावडर लावत होतीस. म्हणालीस, "दमलीस ना ताई? चहा ठेवते."

हे माहीत असताना मी आईच्या कपाटाशी तुला म्हणाले, मग मार्क काढायचे होतेस.

मला माफ कर असं लिहिणार होते, तीन कागद फाडले. ते मागायला माझं तोंड नाही. भाचीला तिचा क्रम तिचा तिला लावू दे, एवढं तू माझ्याविना करशीलच. हे पाकीट तिच्या हाती पडलं तर, बाळा, वाचलंस तरी चालेल, पण आईला दे.

सोबत तुझा फॉर्म आहे, शिक्क्याची प्रत. हरवली नव्हती. मूळ कागद पोस्टाने पाठवू नये, आधी झेरॉक्स काढून ठेवावी, असं मी पोरांना दर वर्षी बजावते. मी काढलेली नाही. खिडकीपाशी नेऊन उजेडात धर. माझं खोडरबर तेव्हा नीट चाललं नव्हतं. पहिल्या पसंतीच्या रकान्यात शाईच्या खाली तुझी पेन्सिल अजून वाचता येते.

ताई